सुनावणीच्या आदल्या दिवशी

“इथला स्वल्पविराम काढ,” बाबा म्हणाले. “तू श्वास घ्यायला थांबलीस की समोरचा निसटतो.”

लेकीने निमूटपणे आपल्या भाषणातला स्वल्पविराम खोडला. पस्तीस वर्षं वर्तमानपत्राची मुद्रितं तपासण्यात घालवलेल्या माणसाशी विरामचिन्हांवरून हुज्जत घालण्यात अर्थ नव्हता. बाकी सगळ्यावरून दोघांचं वाजायचं.

उद्या सकाळी अकराला नगरभवनात जाहीर सुनावणी होती. द्वेष पसरवणारं बोलणं-लिहिणं गुन्हा ठरवावं की नाही, यावर समिती लोकांचं म्हणणं ऐकणार होती. ती वकील. कायद्याच्या बाजूने बोलणार होती. बाबा विरोधात. वक्त्यांच्या यादीत दोघं एकाखाली एक लागली होती. शेजारचे शिंपीकाका म्हणालेच, “वादी-प्रतिवादी एकाच घरात. निकाल काय तुमचं मांजर देणार?”

बाबांना गावात मान होता तो त्यांच्या या विरोधामुळेच. सव्वीस वर्षांपूर्वी एक निनावी पत्रक घरोघर वाटलं गेलं आणि दोन दिवसांत पुलापलीकडची वस्ती पेटली. आई नर्स होती. त्या दुपारी तिला सुट्टी होती, पण पलीकडची एक बाळंतीण अडल्याचा निरोप आला आणि ती कुणाला न सांगता तशीच गेली. परत आलीच नाही. पत्रक कुणी लिहिलं, याचा छडा शेवटपर्यंत लागला नाही.

आणि तरीही हा माणूस सभेत उभा राहून सांगायचा, “शब्दाला शब्दानं उत्तर द्या. लिहिणाऱ्याला तुरुंगात घालू नका.” ऐकणाऱ्यांचे डोळे भरून यायचे. काळजावर दगड ठेवून बोलतो, म्हणायचे.

लेकीला त्यांचा रागही यायचा आणि अभिमानही वाटायचा. आई गेली तेव्हा ती सहा वर्षांची होती. तिच्या वेण्या बाबांनीच घातल्या, एक वर आणि एक खाली. दुसरं लग्न केलं नाही. आईबद्दल कुणी विषय काढला की उठून आत जायचे.

“बाबा, एक विचारू? पत्रक लिहिणारा सापडला असता, तरी तुम्ही हेच म्हणाला असता?”

“हेच.”

“आईच्या फोटोसमोर उभं राहून?”

बाबांनी कप बशीत ठेवला. “ज्यानं काडी लावली त्याला धरा की. लिहिणाऱ्यानं थोडीच काडी लावली?”

“काडी कुठे लावायची ते सांगितलं.”

“माणूस रागाच्या भरात दहा गोष्टी लिहितो. तुझा कायदा उद्या रागावरच बंदी घालेल.”

“रागावर नाही बाबा. आगीवर.”

त्यांनी पेन तिच्याकडे सरकवलं. “वाक्य चांगलं आहे. भाषणात घे.”

तिला हसू आलं. स्वतःविरुद्धच्या सुरीला धार लावून देणारा असा विरोधक कुणाला मिळणार?

मग तिने फायलीतून एक कागद काढला. सकाळीच न्यायालयाच्या दप्तरखान्यातून आणलेली नक्कल होती ती, त्याच पत्रकाची. तिने ते जन्मात पहिल्यांदा पाहिलं होतं. उद्याच्या भाषणाचा शेवट तिला त्यानेच करायचा होता.

“हे मी उद्या वाचणार आहे,” ती चाचरत म्हणाली. “भर सभेत तुमच्या कानावर एकदम पडू नये, म्हणून आधी...”

बाबांनी कागदाकडे पाहिलं. हात लावला नाही.

“वाच.”

“नको वाटत असेल तर राहू दे.”

“वाच म्हटलं ना.”

पत्रक जेमतेम आठ ओळींचं होतं. कोर्टात असले कागद तिने शेकड्याने वाचले होते, पण आज तिसऱ्या ओळीलाच ती अडखळली. मग ती पुढे वाचत गेली. “यांनी आपली कामं बळकावली. यांनी आपलं पाणी नासवलं. आता हातावर हात ठेवून बसू नका. पुलापलीकडची घरं जाळून टाका.”

बाबांचा चेहरा पांढराफटक पडला होता. डोळे मिटलेले होते. ती चटकन उठली, त्यांच्या खुर्चीपाशी खाली बसली आणि त्यांचे दोन्ही हात तिने हातात घेतले.

“चुकलंच माझं,” ती म्हणाली. “तुम्हाला ऐकवायला नको होतं. उद्या मी हे वाचत नाही, बाबा. शप्पथ.”

त्यांनी मान हलवली.

“शेवटचे दोन शब्द,” ते म्हणाले. “ते छापखान्यात बदलले. मी ‘रिकामी करा’ एवढंच लिहिलं होतं.”