शेवटचा दगड

वैजूने भिरकावलेला दगड डंपरला लागलाच नाही. तिला आवरायला धावलेल्या ढोलेबाईंच्या कपाळावर बसला. रक्त ओघळलं, तरी त्यांनी तिला घट्ट धरलं.

"सोडा मला! एकेकाला ठेचून काढते!" वैजू किंचाळली. शाळेच्या फाटकासमोर अशाच भरधाव डंपरने तिच्या धाकट्या भावाला चिरडलं होतं. आज अख्ख्या वर्गाच्या दप्तरांत दगड होते.

बाईंनी रक्ताळलेला दगड उचलला आणि रस्त्यावर ठेवला. "एक काच फोडून काय होणार? रचा इथं. स्पीडब्रेकर करू. एकही डंपर सुसाट जाता कामा नये."

दातओठ खात पोरांनी दप्तरं रिकामी केली. पुढचा डंपर करकचून थांबला. ड्रायव्हर पहार घेऊनच उतरला. "कुणाचे उद्योग हे? तंगड्या मोडीन!" त्याने पहिल्याच दगडावर पहार हाणली, ठिणग्या उडाल्या. मुलं बाईंमागे सरकली.

वैजू मात्र पुढे झाली. मुठीत शेवटचा दगड होता. तिने हात उगारला, क्षणभर तसाच धरला, मग त्याच्यापुढे मूठ उघडली.

"काका, माझा भाऊ इथंच गेला. हा तुम्ही रचा."

दगड घ्यायला त्याला पहार खाली ठेवावी लागली.