गॅरेजचं दार

अमेरिकेतल्या नेपरव्हिलमध्ये सकाळी उणे वीस होतं. वंगणात पीएचडी केलेला बुद्धभूषण गाडीत घामाघूम झाला होता, कारण गॅरेजचं दार हलेना आणि नऊच्या मीटिंगला पोचला नाही तर नोकरी जाणार होती.

"आई, दाराच्या चाकांना खोबरेल लावलंस ना? अगं, त्याचे रेणू सरळसोट! थंडी पडली की रांगेत बसतात आणि गोठतात. आता चाक फिरेल कसं?"

"खोबरेल माझ्या केसांनाच पुरत नाही, ते दाराला कशाला घालू?" कमलाताईंनी स्वेटरच्या खिशातून छोटी बाटली काढली. "कुरकुरत होतं, म्हणून काल तुझ्या बॅगेतलं हे घातलं."

 

बाटलीवर त्याच्याच अक्षरात लिहिलं होतं: ‘उणे चाळीसलाही गोठत नाही. मीटिंगमध्ये दाखवणे.’