भोंग्यातली चिंधी

चहाचा कप ओठाला लावला आणि किशोररावांना ती क्लिप आठवली.

तळघरातून गाडी बाहेर पडल्याचा आवाज नुकताच आला होता. त्यांची सून केतकी दोन वर्षांच्या सईला लस द्यायला सिकंदराबादला निघाली होती. मुलगा तेजस कंपनीच्या कामानं बंगळुरूला. कप तसाच ठेवून किशोरराव बाल्कनीत धावले. हिमायतनगरच्या रस्त्यावर पांढऱ्या गाड्या डझनावारी होत्या. आपली कोणती ते कळेना. त्यांनी इंटरकॉमवर वॉचमनला गाठलं.

"मॅडम वेळ्ळिपोयारु, सार," तो म्हणाला. गेल्या.

क्लिप बेगम बाजारातली. काल त्यांनी सईची गाडीतली खुर्ची काढून मागच्या सीटवर तांदळाचं पोतं ठेवलं, तशी गाडी टुण् टुण् करायला लागली. मागे कुणीतरी बसलंय, पट्टा लावा. दोन चौकांत त्यांचं डोकं उठलं. एका दुकानाबाहेर गाड्यांचं किरकोळ सामान विकणाऱ्यानं हसत एक चपटी क्लिप पुढे केली. "पट्टे की जगा ये खोंच दो, साब. गाडी चुप हो जाती." झाली खरी चुप. किशोरराव स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन घरी आले.

आल्यावर खुर्ची परत जागेवर ठेवली. पट्टा तिच्या मागून ओवून खटक्यात अडकवायचा, एवढंच काम राहिलं होतं. पण खटक्यात क्लिप घट्ट बसलेली. निघता निघेना. तेवढ्यात जेवण गार होतंय म्हणून बायकोचा, अलकाताईंचा फोन आला. सकाळी बघू, म्हणून ते वर आले. आणि सकाळी केतकीनं दारातून विचारलं, "बाबा, खुर्ची बसवलीत ना?" तेव्हा पेपरातून डोकं वर न काढता ते म्हणाले होते, "बसवली."

सई खुर्चीला बांधलेली होती. खुर्ची कशालाच बांधलेली नव्हती. आणि गाडी हे केतकीला सांगणार नव्हती.

त्यांनी फोन लावला. घंटी वाजत राहिली. केतकी गाडी चालवताना फोन घेत नसे. याच गोष्टीचं ते चारचौघांत कौतुक करत. त्यांनी पुन्हा लावला. मग पुन्हा.

"अहो, झालंय काय?" अलकाताई स्वयंपाकघरातून आल्या. किशोररावांनी सांगितलं. अलकाताई म्हणाल्या, "पण सहा एअरबॅगा आहेत म्हणाला होता तेजस."

"त्या बांधलेल्या माणसासाठी असतात, अलका."

किशोररावांचा जन्म रेल्वेत गेला होता. निवृत्त झाले ते लोको इन्स्पेक्टर म्हणून. ड्रायव्हर जागा आहे की नाही हे तपासायला इंजिनात एक बटण असतं. ते ठरल्या वेळी दाबलं नाही तर भोंगा ओरडतो. एकदा तपासणीत त्यांना कुलदीप नावाच्या ड्रायव्हरच्या भोंग्यात कोंबलेली चिंधी सापडली होती. डोकं दुखतं साहेब, म्हणाला होता. अपघात झाला नव्हता, कुणाला खरचटलंही नव्हतं. तरी किशोररावांनी रिपोर्ट लिहिला, एकच ओळ. कुलदीपची बायको घरी येऊन रडून गेली. एवढ्याशा चिंधीसाठी, म्हणाली. त्यांनी ओळ बदलली नाही. पुढे कित्येक वर्षं ही गोष्ट ते अभिमानानं सांगत आले होते.

नऊ वाजले, साडेनऊ वाजले.  फोन लावायचं त्यांनी थांबवलं नाही.

दहाला बेल वाजली.

दारात केतकी होती. खांद्यावर झोपलेली सई. सईचा ओठ सुजून वर आला होता आणि फ्रॉकवर रक्ताचे डाग होते. अलकाताईंनी तोंडावर पदर धरला.

"डॉक्टरांनी बघितलंय. दोन टाके पडलेत," केतकी म्हणाली. आवाज अगदी सपाट होता. "रिक्षा आडवी आली. मी ब्रेक मारला आणि खुर्ची सईसकट पुढच्या सीटवर आदळली. वेग फक्त वीस होता, बाबा."

तिनं मुठीतली क्लिप टेबलावर ठेवली, गार चहाच्या कपाशेजारी.

"कुणी बसवली ते विचारणार होते. मग फोन बघितला. तुमचे तेवीस कॉल होते."

 चूक झाली म्हणावं, तर चूक काल झाली होती. सकाळी किशोरराव चक्क खोटं बोलले होते. 

बोलण्याच्या आवाजानं सई जागी झाली. आजोबा दिसताच रोजच्यासारखी खांद्यावरून त्यांच्याकडे झेपावली. केतकीनं तिला पुढेही केलं नाही, मागेही ओढलं नाही. ती फक्त त्यांच्याकडे बघत राहिली.

किशोररावांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले. कुलदीपच्या रिपोर्टातली ओळ त्यांना अजून तोंडपाठ होती: या माणसाच्या हाती पुन्हा माणसं देऊ नयेत.