मानपान

बॉयलर फुटल्याचं कळलं तशा आम्ही बायका कारखान्याच्या फाटकाशी धावलो. माझी तान्ही माझ्या कडेवर होती. एरवी आमच्याकडे ढुंकूनही न बघणारे मॅनेजर आज स्वतः पाण्याचे ग्लास घेऊन बाहेर आले. घरच्यांशी आदराने बोला, असं वरून फर्मान निघालं असावं.

वेल्डरच्या आईला त्यांनी खुर्ची दिली. "बसा आई. आपले चिरंजीव म्हणजे कंपनीचे आधारस्तंभ होते हो!"

कालपर्यंत 'ए टकल्या' अशी हाक ऐकणारा पोरगा एका स्फोटात आधारस्तंभ झाला होता. म्हातारीने 'होते' ऐकलं आणि ती खुर्ची सोडून जमिनीवरच कोसळली.

मग ते फिटरच्या बायकोकडे वळले. "वहिनीसाहेब..." एवढंच म्हणाले, आणि तिने हंबरडा फोडला. इथे मान कधी मिळतो, हे आता आम्हा सगळ्यांनाच कळून चुकलं होतं.

माझी पाळी आली. "साहेब, आमचे हे... क्रेनवर असतात..."

मॅनेजरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "तो होय? नको म्हटलं तरी आत ढिगारा उपसत बसलाय, बेअक्कल कुठला! कुणाचं ऐकेल तर शपथ! घेऊन जा बाई त्याला घरी!"



मी तान्हीला छातीशी घट्ट धरलं आणि म्हटलं, "साहेब, पुन्हा एकदा तसंच बोला ना त्यांना."