खातेदाराची सही

"दोनच माणसं?" साहेबांनी विचारलं.

"दोनच," आप्पासो कारकून म्हणाला. "लोकांची काही हरकत नसंल, साहेब."

सांगलीतल्या पाटबंधारे कचेरीच्या हॉलमध्ये साठ खुर्च्या मांडल्या होत्या. सत्त्याहत्तर साल. कालव्याच्या पाण्याचे नवे नियम यायचे होते. मसुदा राजपत्रात छापला होता, तीस दिवसांत हरकती मागवल्या होत्या. गावोगाव चावडीवर कागदही डकवले होते. चंद्राबाईच्या गावात तो डकवला दाराच्या मागं, आणि चावडीचं दार दिवसभर उघडं. पेन्शनर हंबीरराव सुभेदारांनी एकदा वारं सुटलं म्हणून दार लोटलं, तेव्हा कुठं सरकारनं विचारलंय हे गावाला कळलं. मुदतीचे चार दिवस उरले होते. तेवढ्यात एक हरकत गेली, आणि आज सुनावणीला दोघंच आले: हंबीरराव आणि चंद्राबाई.

कलम नऊ असं होतं: पाण्याच्या अर्जावर खातेदारानं स्वतः, अधिकाऱ्यासमोर सही करावी.

"खातेदार लडाखला बसलाय, साहेब," हंबीरराव म्हणाले. "बर्फात. गहू वाळाय लागला म्हणून त्यानं बंदूक टाकून इथं सहीला यायचं का? आमच्या गावात अशी चौदा घरं हायती."

"मग दुसरं कोणी सही ठोकणार!" आप्पासो म्हणाला. "गेल्या साली एका गावात मेलेल्या माणसाची सही निघाली. मेलेला माणूस पाणी मागतोय! म्हणून तर हा नियम."

"एक चोर निघाला म्हणून चौदा घरांना कुलूप? लय झ्याक."

साहेबांनी हात वर केला. मग पदर घट्ट धरून बसलेल्या बाईकडं वळले. "बाई, खातेदार तुमचे कोण?"

"मालक."

"नाव सांगा."

चंद्राबाई खाली बघू लागली.

"घ्या की उखाण्यात!" आप्पासो हसला. "सरकारी कामाला लाज कसली?"

तिचे कान लाल झाले. "आवं मामा, तुमी सांगा की."

"नाथाजी केरबा मोहिते," हंबीरराव म्हणाले. "आमच्यात नाव घेत न्हाईत, साहेब. लग्न झाल्यापासनं तिनं कवा घेतलं नसंल."

"राहू द्या. कागदावर आहे." साहेबांनी हरकतीचा अर्ज उचलला. "हा कोणी लिहिला?"

"मजकूर माझा. सही नाथाजीची. बाई कागद घेऊन गेली, सही होऊन आला."

"सुभेदारांचंच काम दिसतंय," आप्पासो म्हणाला. "साहेब, सही खोटी निघाली तर हरकतच बाद. मग कलम नऊ आहे तसं मुंबईला धाडू."

चंद्राबाईनं मान वर केली. "पाण्याची पाळी कवा हाय, साहेब? शेवटची पाळी?"

"पंधरा दिवसांनी."

"तवर नियम आला तर?"

"तर खातेदाराला यावं लागेल."

"दीड एकर गहू हाय. पोटऱ्यात आलाय." एवढंच म्हणून ती पुन्हा खाली बघू लागली.

साहेबांनी नाथाजीचे जुने पाणीअर्ज मागवले. आप्पासोनं सात वर्षांचा गठ्ठा आणून आदळला. धूळ उडाली. सगळ्या अर्जांवर एकच सही: 'जी'ची वेलांटी लांब ओढलेली, खाली दोन रेघा. साहेबांनी हरकतीचा कागद शेजारी धरला.

"सुभेदार, इथं हे नाव लिहून दाखवा."

हंबीररावांनी लिहिलं. अक्षरं परेडला उभी असल्यासारखी ताठ, आणि निब कागदातून आरपार.

"ही नाही," साहेब म्हणाले. "हरकतीवरची सही मात्र जुन्या अर्जांशी जुळते. तंतोतंत." त्यांनी गठ्ठा पुन्हा चाळला. "सोमवारी फॉर्म, शनिवारी भरून परत. सात वर्षांत एकदाही उशीर नाही. शिस्तीचा माणूस दिसतो."

"मिलिटरी, साहेब!" हंबीररावांची छाती फुगली.



आप्पासोचं तोंड उतरलं. साहेबांनी सांगितलेला मजकूर त्याला लिहून घ्यावा लागला: हरकत खुद्द खातेदाराची, ग्राह्य. खातेदार फौजेत असल्यास त्याच्या पत्नीनं स्वतःची सही किंवा अंगठा द्यावा, तो चालावा, अशी शिफारस. अंतिम नियम निघेपर्यंत जुनीच पद्धत चालू.

"म्हंजे ही पाळी मिळंल?" चंद्राबाईनं विचारलं.

"ही मिळेल. आणि शिफारस मानली, तर पुढच्या तुमच्याच सहीवर."

"माज्या?"

"तुमच्या."

ती पहिल्यांदा हसली. हंबीररावांनी फेटा काढून घाम पुसला. साठ खुर्च्यांतल्या अठ्ठावन्न रिकाम्या होत्या, पण नियम हलला होता. शिपाई ज्ञानूनं शिक्का आणि शाईचं पॅड खाली नेलं, पाकिटावर शिक्के मारले आणि मुंबईची डाक निघत होती, तीत पाकीट टाकून आला.

"गेलं, साहेब," तो म्हणाला.

हजेरीचा कागद तेवढा राहिला होता. हंबीररावांनी सही केली.

"बाईचा अंगठा राहिला," आप्पासो म्हणाला. "ज्ञानू, पॅड कुठाय रं?"

"खालीच ऱ्हायलं."

"आण जा. बाई, थांबा जरा."

"थांबून कसं चालंल? यष्टी जाईल माजी!" गव्हाला पाणी मिळणार होतं, तिला आता कशाचंच भान नव्हतं. तिनं हंबीररावांच्या हातातलं पेन घेतलं, कागद पुढं ओढला, वाकली आणि हात न थांबवता लिहून मोकळी झाली. "येते, साहेब. लय उपकार झालं."

ती जिना उतरून गेली. साहेबांनी कागद आपल्याकडं फिरवला.

चंद्राबाईच्या नावापुढं शाई अजून ओली होती. नाथाजी केरबा मोहिते. 'जी'ची वेलांटी लांब ओढलेली, खाली दोन रेघा.