पंजाची आतली बाजू

ओटिलीने सशाला मांडीवर उताणे घेतले, त्याचा उजवा पुढचा पंजा दोन बोटांत धरला आणि आतल्या बाजूवर फुंकर घातली. तेथे लव नव्हतीच. होते ते कातरीने कापलेले खुंट, आणि त्यांवर वाळून पिवळा पडलेला शेंबूड. तिने डावा पंजा पाहिला. तोही तसाच.

सर्दी झालेला ससा पोरासारखाच बाहीला नाक पुसतो. त्याची बाही म्हणजे पंजाची आतली बाजू. मोरावियातल्या त्या गावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. म्हणूनच, देणाऱ्याच्या डोळ्यांदेखत ससा उलटा करून पंजे पाहायचे आणि मगच तो घ्यायचा, ही तिथली रीत. ओटिलीच्या नवऱ्याने सख्ख्या भावाचा ससाही पंजे पाहिल्यावाचून उंबऱ्याच्या आत येऊ दिला नव्हता. नवरा गेला, त्याच्यामागोमाग पिंजरेही गेले. आठ दिवसांपूर्वी ब्लाझेना हा करडा ससा सोबतीला म्हणून घेऊन आली, तेव्हा मात्र ओटिलीने पंजे पाहिले नाहीत. साठ वर्षांपासूनच्या मैत्रिणीने दिलेले उलटेपालटे करून पाहणे तिला असभ्य वाटले.

तिसऱ्या दिवशी शिंका सुरू झाल्या. आज सकाळी शहरातला डॉक्टर सुई टोचून आणि सांगून गेला होता : धाप कमी होईल, कदाचित जगेलही, पण हा रोग मुळातून जात नाही, आणि दुसऱ्या सशाला एवढ्यातेवढ्याने लागतो.

ब्लाझेना दार न ठोकता आत आली. ती कधीच ठोकत नसे. तिच्या हातात खसखस भरलेल्या कोलाच्यांचे, म्हणजे गोल गोड पावांचे, ताट होते, वर पांढरे फडके.

“अगं, अजून तशीच? चार वाजता सशांच्या प्रदर्शनाची गाडी यायचीय. माझ्या बेचाळीस जणांची वेणीफणी व्हायचीय अजून, आणि तू आपली बाळंतिणीसारखी मांडीवर घेऊन बसलीस!”

“कातर कुठली घेतली होतीस?” ओटिलीने विचारले.

ब्लाझेनाने ताट टेबलावर ठेवले. ती खुर्चीवर बसली. तेही कोणी बस न म्हणता.

“शिवणाची,” ती म्हणाली.

“धार चांगली आहे.”

“ओटिली, ऐक तरी. परवा नाही का, सरकारी डॉक्टर घरोघर पिंजरे बघत आला? तो येणार ते आधीच कळलं होतं. एक जरी शिंकताना सापडला असता ना, तर सगळेच्या सगळे घरात बंद केले असते, प्रदर्शन बुडालं असतं. अकरा पिढ्यांचं वाण आहे गं माझं.”

“मग डोक्यात दंडुका घालायचा होतास. तुला काय नवीन आहे?”

“उचलला होता.” ब्लाझेना म्हणाली. “हात चालला नाही. आई मेली होती त्याची. बाटलीनं दूध पाजून वाढवलाय मी त्याला.”

“म्हणून माझ्या गळ्यात.”

“तुलाही सोबत हवीच होती की! घर खायला उठतं, असं तूच म्हणत होतीस.” ब्लाझेनाने फडक्याचे टोक उगाच सारखे केले. मग समजूत घालावी तशी, मऊ आवाजात, ती म्हणाली, “आणि तुझ्या घरात आता आहे तरी कोण, ज्याला लागण होईल?”

ससा नाकाने श्वास घेईनासा झाला होता. मान उंच करून तो तोंडाने हवा ओढू पाहत होता. ओटिलीने त्याच्या मानेखाली तळहात दिला.

“एवढीच चीड आली असेल तर दे परत. माझ्या धाकट्या पोराला सांगते, तो उरकेल.”

“हा ससा या दारातून बाहेर जायचा नाही.”

“बरं बाई. नुसता घेऊ तरी दे.”

परवानगीची वाट न पाहता ब्लाझेनाने तो उचलला आणि छातीशी धरला. सशाने तिला ओळखले. तिच्या कोपराच्या वळणात तो तोंड खुपसून बसला, आणि तेथेच तीनदा शिंकला. ब्लाझेना डोळे मिटून त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटत होती. तेवढ्यात चर्चच्या घड्याळाने साडेतीनचा टोला दिला.

“अगोबाई! सगळ्यांना एकेक करून मांडीवर घ्यायचंय अजून.” ससा घाईघाईने ओटिलीच्या ओच्यात देऊन ती दाराकडे धावली. “उद्या येशील ना प्रदर्शनाला? तुझी खुर्ची धरून ठेवते.”

दाराशी तिवईवर पाण्याचा जग, साबण आणि टॉवेल होता. ससे पाळणाऱ्यांच्या गावात कोणी कोणाला हात धुतल्यावाचून घरी जाऊ देत नाही. पाणी घालायचे ते घरच्या बाईने. जग काठोकाठ भरलेला होता; ओटिली जागची उठली नाही. ब्लाझेनाच्या तपकिरी लोकरी बाहीवर, कोपरापासून मनगटापर्यंत, दाट पांढरा ओघळ उतरला होता.

उंबऱ्यात ती थबकली. काहीतरी राहिल्यासारखे तिने मागे वळून पाहिले.

“काय गं?” तिने विचारले.

ओटिलीने बाहीवरची नजर काढली.

“काही नाही,” ती म्हणाली. “जपून जा.”