ठरवून काढलेलं पान

"मरणाचं पान काढा," मंगल म्हणाली. "उद्या आमचे मालक येतील, तवा तेच निघालं पायजे."

वर्षाराणीनं टॅरोची गड्डी खाली ठेवली. केजला शिलाईच्या दुकानामागं तिची खोली होती. गावोगावचे लोक तिथं भविष्य विचारायला यायचे.

"ताई, ही पानं मरणबिरण सांगत न्हाईत. माणसाला त्याचंच मन दाखवतात."

"माझं मन मला ठावं हाय. माझी आरोही दहावीला हाय, बाई!"

मग तिनं सगळं सांगितलं. नवरा गहिनीनाथनं बहिणीला शब्द दिला होता, तुझ्या अभिमन्यूला माझी पोरगी देतो म्हणून. अभिमन्यूला यंदा ऊसतोडीला जायचं होतं, आणि एकट्या गड्याला मुकादम घेतो कशाला? नवराबायकोची जोडी लागते. म्हणून ही लगीनघाई. आरोही पंधराची, तिच्या पाठची संस्कृती बाराची, अजून लंगडी खेळणारी. मंगल स्वतः तेराव्या वर्षी कोयता घेऊन फडात उतरली होती, आणि तिथं काय काय सोसलं ते तिचं तिलाच माहीत.

रडून झालं, पाया पडून झालं. गहिनीनाथ काही हलेना. पण या पानांवर त्याचा भलता भरवसा. चोरीला गेलेला बैल वर्षाराणीनं सांगितलेल्या दिशेलाच सापडला होता ना!

"काय म्हणू?" वर्षाराणीनं विचारलं.

"म्हणा, आरोही यंदा नवरी झाली तर नवरदेव मरंल."

वर्षाराणीनं गड्डी पुन्हा उचलली. घोड्यावरच्या सांगाड्याचं, मरणाचं पान तिनं शोधून बाजूला ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मंगलशेजारी बसलेला असताना ते पान बघून गहिनीनाथच्या तोंडचं पाणी पळालं.

"आरोहीच्या नावानं निघालं हे?"

"आरोहीच्याच."

"म्हंजी माझा भाचा जाईल?"

"यंदा तिच्याशी लग्न लावलं तर."

मंगल पदर तोंडाला लावून बाहेर पळाली. रडायचं सोंग करायचं ठरलं होतं, पण आलं ते खरंच रडू. सुटली गं बाई माझी पोरगी!

गहिनीनाथ जरा वेळानं बाहेर आला. चेहरा निवळला होता. स्टँडवर त्यानं बायकोला भेळ घेऊन दिली. असं लग्न झाल्यापासून कधी घडलं नव्हतं.

"कावून रडती? आरोहीला शिकू दे. पायजे तेवढं शिकू दे."

मंगल त्याच्याकडं बघून हसली. कितीतरी वर्षांनी हसली. माणूस वाईट नाही, तिला वाटलं.

"मांडवाचं सांगून ठेवलंय, बहीण बी वाट बघती," भेळेचा कागद चुरगाळत तो म्हणाला. "म्हणून तू भाईर आल्यावर मी बाईला संस्कृतीच्या नावानं पान काढाय लावलं. लई चांगलं निघालं."